हृदय नसतं, तर छातीतला ऑक्सिजन पायाच्या अंगठ्यापर्यंत पोहोचायला आठ वर्षं लागली असती!

चहात साखर घातली आणि ढवळायला विसरलात, असं कधी झालंय? पहिला घोट अगोड लागतो, दुसराही तसाच. आणि कप संपत आला की तळाशी पाकच हाती लागतो. साखर चहात होती, विरघळलीही होती, पण ती वरपर्यंत आलीच नाही. चमचा फिरवला असता तर दोन सेकंदांत काम झालं असतं.

आपल्या शरीरात हा चमचा फिरवण्याचं काम हृदय करतं.

शाळेत आपण रक्ताभिसरण संस्था शिकलो. हृदयाचे चार कप्पे, अशुद्ध रक्ताला निळा रंग, शुद्ध रक्ताला लाल रंग, आकृती काढा, नावे द्या, पाच गुण. पण मुळात ही संस्था लागतेच कशाला, हा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. अमिबाला हृदय नाही. हायड्राला नाही. जेलीफिशलाही नाही. तरीही ते मजेत जगतात. मग आपल्यालाच छातीत एक पंप आणि अंगभर नळ्यांचं जाळं कशासाठी?

या प्रश्नाचं उत्तर समजलं की हृदयविकाराचा झटका नेमका काय असतो, तुरीचं उभं पीक ओल असूनही का वाळतं आणि कुणी रस्त्यात कोसळलं तर छाती का दाबायची, या वरवर वेगळ्या वाटणाऱ्या गोष्टी एकाच धाग्यात ओवल्या जातात.

विसरण: जवळ वेगवान, लांब रखडलेलं

कोणताही पदार्थ जिथे जास्त आहे तिथून जिथे कमी आहे तिकडे आपोआप पसरतो. याला विज्ञानात विसरण म्हणतात. इथे विसरण म्हणजे 'विसरणं' नव्हे, 'पसरणं'.

यासाठी कुणी ढकलावं लागत नाही, ऊर्जा खर्च करावी लागत नाही. फुकटात होणारी वाहतूक आहे ही. पण फुकटच्या गोष्टीत एक मेख असतेच.

पाण्यातला ऑक्सिजनचा रेणू सरळ रेषेत चालत नाही. आजूबाजूचे पाण्याचे रेणू त्याला सारखे धक्के देत असतात. यात्रेच्या गर्दीत सापडलेल्या माणसासारखी त्याची अवस्था असते. दोन पावलं पुढे, एक डावीकडे, तीन मागे, पुन्हा एक पुढे. जवळच्या दुकानापर्यंत तो असा धक्के खात पोहोचेल. पण गावाच्या दुसऱ्या टोकाला जायचं असेल तर त्याचा दिवस जाईल.

त्यामुळे विसरणाचा नियम असा आहे की अंतर दुप्पट झालं तर वेळ चौपट लागतो आणि अंतर दहापट झालं तर वेळ शंभरपट. स्थिर पाण्यात ऑक्सिजनला लागणारा साधारण वेळ पाहा:

- ०.०१ मिलिमीटर (एका पेशीएवढं अंतर): सेकंदाचा सुमारे चाळिसावा भाग
- १ मिलिमीटर: सुमारे ४ मिनिटं
- १ सेंटीमीटर: सुमारे ७ तास
- १ मीटर: सुमारे ८ वर्षं

हो, आठ वर्षं. आपल्या छातीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंतचं अंतर एक मीटरच्या वरच आहे. म्हणजे हृदय नसतं आणि सगळा भार विसरणावर असता, तर बालवाडीत घेतलेला श्वास अंगठ्याला सातवी-आठवीत पोहोचला असता. तोही वाटेतल्या पेशींनी तो संपवला नाही असं धरलं तर! प्रत्यक्षात वाटेवरच्या पेशी तो केव्हाच फस्त करतील, त्यामुळे अंगठ्यापर्यंत काहीच उरणार नाही.

थोडक्यात, एका पेशीच्या अंतरासाठी विसरणासारखी उत्तम सोय नाही. मिलिमीटरच्या पुढे मात्र त्याचा काही उपयोग नाही.

मोठं होण्यातली अडचण

दुसरी अडचण भूमितीची आहे आणि ती स्वयंपाकघरात रोज दिसते. अख्खा बटाटा शिजायला वेळ लागतो, त्याच्या फोडी केल्या की पटकन शिजतात. बटाटा तेवढाच आहे, आच तीच आहे. बदललं ते एवढंच की फोडी केल्यामुळे आतला भाग बाहेर आला, पृष्ठभाग वाढला.

पनीरचा १ सेंटीमीटर बाजूचा चौकोनी तुकडा घ्या. त्याचं घनफळ १ घन सेंटीमीटर आणि सहा बाजू मिळून पृष्ठभाग ६ चौरस सेंटीमीटर. आता १० सेंटीमीटर बाजूचा मोठा ठोकळा घ्या. त्याचं घनफळ १००० घन सेंटीमीटर झालं, पण पृष्ठभाग ६०० चौरस सेंटीमीटरच. म्हणजे 'आतलं' हजारपट वाढलं आणि 'बाहेरचं' फक्त शंभरपट.

सजीवाच्या भाषेत बोलायचं तर घनफळ म्हणजे खाणारी तोंडं आणि पृष्ठभाग म्हणजे घराची दारं. आकार वाढतो तशी तोंडं भराभर वाढतात, दारं त्या मानाने कमी पडतात. मधल्या खोलीत बसलेल्यांपर्यंत जेवण पोहोचत नाही आणि त्यांचा कचराही बाहेर पडत नाही.

आपल्या शरीरात सुमारे ३० लाख कोटी पेशी आहेत. त्यातल्या बहुतेक 'मधल्या खोलीत' आहेत. त्यांना बाहेरची हवा दिसत नाही आणि ताटातलं जेवणही दिसत नाही. पण प्रत्येकीला सतत ऑक्सिजन आणि ग्लुकोज हवं असतं, आणि प्रत्येकीला कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा असतो.

ज्यांनी पंपाशिवाय भागवलं

हायड्रा आणि जेलीफिशचं मग कसं चालतं? त्यांनी 'मधली खोली' ठेवलीच नाही.

हायड्राचं शरीर म्हणजे पेशींच्या दोन थरांची पिशवी. बाहेरच्या थराला बाहेरचं पाणी, आतल्या थराला पोटातलं पाणी. प्रत्येक पेशी दाराशीच बसलेली. जेलीफिश दिसायला मोठा असतो, पण त्याचा बहुतेक भाग पाणीदार जेलीचा असतो. जेलीला खायला फारसं लागत नाही. जिवंत पेशींचे थर पातळच असतात आणि पोटातून निघालेल्या नलिका अन्न पसरवतात.

चपट्या कृमींनी वेगळी युक्ती काढली. ते नावाप्रमाणेच चपटे राहिले. लांबी कितीही वाढो, जाडी कमी ठेवली की आतली प्रत्येक पेशी त्वचेपासून जवळच राहते. त्यांना हृदयही नाही आणि फुप्फुसंही नाहीत.

स्पंजाच्या अंगभर छिद्रं असतात. पेशींच्या चाबकासारख्या केसांनी तो समुद्राचं पाणी आत ओढतो आणि दुसऱ्या तोंडातून बाहेर टाकतो. म्हणजे वाहतूक व्यवस्था त्यालाही लागतेच, फक्त रक्ताच्या जागी समुद्राचं पाणी फिरतं.

थोडक्यात, पंपाशिवाय जगायचं तर लहान राहा, चपटे राहा, पोकळ राहा किंवा अंगाला भोकं पाडून घ्या. जाड, भरीव आणि धावणारं शरीर हवं असेल तर आतली वाहतूक उभारावीच लागते.

शहरांचंही असंच आहे. लहान वाडीला एक विहीर पुरते, ज्याला पाणी हवं तो घागर घेऊन जातो. मुंबईही एकेकाळी विहिरी आणि तलावांवरच भागवत होती. वस्ती वाढली तसं ते पुरेना आणि १८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. आज ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या धरणांतून मोठमोठ्या जलवाहिन्या मुंबईला पाणी आणतात. वाडीचं शहर झालं की घागर पुरत नाही, पाइपलाइन लागतेच.

रक्त फिरतं, हे कळायला १६२८ उजाडलं

आज आपल्याला हे सहज वाटतं, पण युरोपात जवळजवळ चौदाशे वर्षं वेगळंच मानलं जात होतं. गेलन या प्राचीन ग्रीक वैद्याच्या मते यकृत अन्नापासून सतत नवं रक्त तयार करतं आणि शरीर ते वापरून संपवतं. म्हणजे शेताला पाणी द्यावं तसं, गेलं ते जिरलं.

इंग्रज वैद्य विल्यम हार्वे याने साधा हिशेब मांडला. हृदयाच्या एका ठोक्याला किती रक्त बाहेर पडतं, त्याला अर्ध्या तासातल्या ठोक्यांनी गुणलं. उत्तर आलं ते संपूर्ण शरीरातल्या रक्ताहून जास्त होतं. एवढं रक्त यकृत दर अर्ध्या तासाला नव्याने तयार करणं शक्यच नव्हतं. एकच शक्यता उरली, की तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरतंय. १६२८ मध्ये त्याने हे पुस्तकरूपात छापलं.

त्याच्या सिद्धांतात एक फट होती. रोहिण्यांतून गेलेलं रक्त शिरांमध्ये येतं कुठून? मधला रस्ता त्याला दिसत नव्हता. १६५७ मध्ये हार्वे गेला. चार वर्षांनी, १६६१ मध्ये, इटलीच्या मार्सेलो माल्पिघीने बेडकाचं फुप्फुस सूक्ष्मदर्शकाखाली धरलं आणि त्याला केसाहूनही बारीक वाहिन्या दिसल्या. त्याच केशवाहिन्या.

मोठा रस्ता आणि शेवटची गल्ली

या केशवाहिन्यांमध्येच सगळं गुपित आहे. रक्ताभिसरणामुळे विसरण बंद झालं असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. शेवटचं काम अजूनही विसरणच करतं. रक्ताने फक्त माल त्याच्या दारात आणून ठेवला.

कुरियरचा मोठा ट्रक पुण्याहून नागपूरला जातो, पण तुमच्या जिन्यावर चढत नाही. शेवटची गल्ली डिलिव्हरीवाला चालत गाठतो. शरीरातही तसंच आहे. हृदयापासून मांडीपर्यंत, पोटरीपर्यंत, बोटापर्यंत रक्त दाबाने वाहतं. केशवाहिनी आली की ऑक्सिजन उतरतो आणि उरलेलं अंतर विसरणाने कापतो. हे अंतर साधारण एका केसाच्या जाडीएवढंच असतं. बहुतेक पेशी कुठल्या ना कुठल्या केशवाहिनीपासून तेवढ्या टप्प्यात असतात. तेवढं अंतर विसरणाला काही सेकंदांत जमतं.

फुप्फुसांतही तेच. श्वास आत घेतला की हवा लहान लहान फुग्यांमध्ये, म्हणजे वायुकोशांमध्ये जाते. हे सगळे वायुकोश उलगडून पसरले तर साधारण ५० ते ७५ चौरस मीटर जागा व्यापतील. एखाद्या टू-बीएचके फ्लॅटएवढं हे क्षेत्रफळ छातीत घडी घालून ठेवलेलं आहे. कमी पडणाऱ्या 'दारां'वरचा हा उपाय.

मधला सगळा प्रवास हृदयाच्या जिवावर चालतो. विश्रांतीच्या वेळी ते मिनिटाला सुमारे ५ लिटर रक्त फेकतं. शरीरात रक्तही साधारण तेवढंच असतं. म्हणजे सरासरी मिनिटभरात रक्ताची एक फेरी पूर्ण होते. आठ वर्षांचा प्रवास एका मिनिटाच्या आत! त्यासाठी हृदयाला दिवसाला सुमारे एक लाख ठोके द्यावे लागतात.

ट्रक आहे, पण मालाचे खोके कुठे आहेत?

फक्त पंप असून भागत नाही. ऑक्सिजन पाण्यात फार कमी विरघळतो. एक लिटर रक्तातल्या नुसत्या पाणीदार भागात जेमतेम ३ मिलिलिटर ऑक्सिजन मावतो. शांत बसलेल्या माणसाला मिनिटाला सुमारे २५० मिलिलिटर ऑक्सिजन लागतो. हिशेब करा. नुसत्या पाणीदार रक्तावर जगायचं तर हृदयाला मिनिटाला ८० लिटरहून जास्त रक्त फिरवावं लागेल. तेही नुसतं बसून राहण्यासाठी.

हा प्रश्न हिमोग्लोबिनने सोडवला. तांबड्या पेशींमधलं हे लोहयुक्त प्रथिन ऑक्सिजनला पकडून ठेवतं. त्यामुळे एक लिटर रक्त सुमारे २०० मिलिलिटर ऑक्सिजन वाहून नेतं, म्हणजे पाणीदार भागाच्या जवळजवळ ६५ ते ७० पट.

अंटार्क्टिकच्या बर्फाळ समुद्रात आइसफिश नावाचे मासे आहेत, ज्यांच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. रक्त जवळजवळ पारदर्शक. थंड पाण्यात ऑक्सिजन जास्त विरघळतो आणि थंडीत शरीराची गरजही कमी असते, म्हणून ते तगतात. पण त्याची किंमत त्यांना मोजावी लागते. त्यांचं हृदय त्यांच्या आकाराच्या इतर माशांपेक्षा मोठं असतं आणि रक्तही जास्त असतं.

आता आपल्या घराकडे या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत भारतातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय, म्हणजे हिमोग्लोबिनची कमतरता आढळली. ट्रक धावतायत, रस्ते मोकळे आहेत, पण खोके अर्धे रिकामे आहेत. मग हृदयाला फेऱ्या वाढवाव्या लागतात. जिना चढताना धाप लागणं, छातीत धडधडणं, सारखा थकवा येणं याला 'कामाचा ताण' म्हणून सोडून देऊ नका. एक साधी रक्ततपासणी करून घ्या.

झुरळाचा वेगळा मार्ग

झुरळ चिरडलं तर लाल रक्त दिसत नाही, हे लक्षात आलंय? कीटकांच्या शरीरातलं द्रव अन्न वाहून नेतं, पण ऑक्सिजनची वाहतूक सहसा त्याच्याकडे नसते. त्यांच्या अंगाच्या कडेला बारीक छिद्रं असतात. तिथून वायुनलिका निघतात, त्यांना फाटे फुटत जातात आणि हवा थेट पेशींच्या जवळ पोहोचते.

हे जमतं, कारण हवेत ऑक्सिजनचं विसरण पाण्यापेक्षा सुमारे दहा हजार पट वेगाने होतं. लहान शरीरासाठी ही योजना फारच स्वस्त आणि मस्त. पण नळ्या लांब होत गेल्या की हीही योजना अडखळते. कीटक बैलाएवढे का होत नाहीत, याचं हे एक कारण मानलं जातं.

झाडाला हृदय नाही, तरी पाणी शेंड्यापर्यंत जातं

आता झाडांकडे वळू. मुळं मातीत, पानं वर. पाणी खाली, ऊन वर. दोघांमध्ये वाहतूक हवीच. कॅलिफोर्नियातली रेडवूड झाडं ११५ मीटरपर्यंत वाढतात, म्हणजे साधारण पस्तीस मजली इमारत. तिथवर पाणी चढवतं कोण?

शेतकऱ्याला ठाऊक असतं की काठावर ठेवलेली मोटर खोल विहिरीतलं पाणी ओढू शकत नाही. ओढून घेणारा पंप जास्तीत जास्त दहा मीटरपर्यंतच पाणी वर आणू शकतो, कारण खरं तर हवेचा दाब ते वर ढकलत असतो आणि त्याची मर्यादा तेवढीच आहे. प्रत्यक्षात तेवढंही मिळत नाही. म्हणून मोटर खाली उतरवावी लागते किंवा पाण्यात बुडवावी लागते.

झाड वेगळी पद्धत वापरतं. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ उडते. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात. वरचा रेणू उडाला की तो मागच्याला ओढतो, तो त्याच्या मागच्याला. पानापासून मुळापर्यंत पाण्याचा एक अखंड दोर ताणलेला असतो. हे स्पष्टीकरण डिक्सन आणि जॉली या दोघांनी १८९४ मध्ये मांडलं. आपले जगदीशचंद्र बोस यांना मात्र वाटत होतं की झाडातल्या जिवंत पेशी स्पंदनं पावून पाणी वर ढकलतात. ती कल्पना पुढे टिकली नाही. पाणी वाहणाऱ्या नळ्या मुळात मृत पेशींच्या असतात आणि वर ओढणारी ऊर्जा सूर्याची असते.

या पाणी नेणाऱ्या नळ्यांना जलवाहिन्या म्हणतात. पानांत तयार झालेली साखर मुळांकडे, फळांकडे नेणाऱ्या दुसऱ्या नळ्या म्हणजे रसवाहिन्या. उसाच्या कांड्यातली साखर कांड्यात बनत नाही. ती पानांत बनते आणि रसवाहिन्यांतून कांड्यात येऊन साठते. पिकावर मावा पडला की पानं चिकट होतात, तो चिकटाही याच रसवाहिन्यांतला. मावा त्यात सोंड खुपसतो, गोड रस पितो आणि जास्तीची साखर बाहेर टाकतो.

आता मर रोग. तूर किंवा हरभरा चांगला उभा असतो, जमिनीत ओल असते आणि तरीही झाड सुकायला लागतं. शेतकरी बुचकळ्यात पडतो, पाणी कमी पडलं म्हणावं तर तसंही नाही. फ्युजेरियम नावाची बुरशी मुळांतून आत शिरते आणि जलवाहिन्यांत वाढून त्या तुंबवते. रोगट तुरीचं खोड उभं चिरलं तर आत तपकिरी-काळसर पट्टे दिसतात. पाणी जमिनीत आहे, पण पाइप बंद आहे. आणखी पाणी देऊन उपयोग नाही. म्हणूनच रोगप्रतिकारक वाण, बीजप्रक्रिया आणि पिकांची फेरपालट यांवर भर दिला जातो.

बुंध्याभोवतीची साल गोल काढली की मोठं झाड हळूहळू मरतं, त्याचंही कारण हेच. रसवाहिन्या सालीच्या आतल्या भागात असतात. त्या तुटल्या की मुळांना अन्न मिळत नाही. पानं काही काळ हिरवी दिसतात, पण खाली मुळं उपाशी मरत असतात.

नेणं जितकं महत्त्वाचं, तितकंच परत आणणं

वाहतूक म्हणजे फक्त पुरवठा नाही. कचराही उचलावा लागतो. कार्बन डायऑक्साइड फुप्फुसांकडे आणि युरिया मूत्रपिंडांकडे रक्तच नेतं. शिवाय संप्रेरकांचे निरोप, रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि शरीराची उष्णता हेही त्याच रस्त्याने जातं.

केशवाहिन्यांतून रोज काही लिटर द्रव पेशींच्या आजूबाजूला झिरपतं आणि पूर्ण परत येत नाही. ते गोळा करून रक्तात आणण्यासाठी लसीकावाहिन्यांचं दुसरं जाळं आहे. ते तुंबलं तर काय होतं, हे पूर्व विदर्भातल्या अनेक गावांनी पाहिलंय. हत्तीरोगाचे जंत डासांमार्फत शरीरात येतात आणि लसीकावाहिन्यांत मुक्काम करतात. निचरा बंद होतो आणि पाय सुजत सुजत हत्तीच्या पायासारखा होतो. म्हणून त्या जिल्ह्यांत सरकारी मोहिमेत घरोघरी गोळ्या दिल्या जातात. आपल्याला काही त्रास नाही म्हणून त्या टाळू नका, कारण जंत शरीरात असूनही कित्येक वर्षं काहीच जाणवत नाही.

हृदय रक्ताने भरलेलं, तरीही उपाशी

आता या सगळ्यातली सर्वांत चकवणारी गोष्ट. हृदयाच्या पोकळीत कायम रक्त असतं. मग हृदयालाच रक्त कमी पडून झटका कसा येतो?

उत्तर वरच्या यादीत आहे. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याची भिंत सुमारे १ सेंटीमीटर जाड असते. १ सेंटीमीटरला विसरणाला लागतात ७ तास. आतल्या पोकळीतलं रक्त भिंतीच्या अगदी आतल्या पातळ थरापलीकडे उपयोगी पडत नाही. म्हणून हृदयालाही स्वतःच्या वेगळ्या रक्तवाहिन्या लागतात. त्यातली एखादी गुठळीने बंद झाली की तिच्या वाट्याचा स्नायू मरायला लागतो. तोच हृदयविकाराचा झटका. मेंदूत असं झालं की पक्षाघात.

कर्करोगाच्या गाठीलाही हा नियम चुकत नाही. अमेरिकी शल्यचिकित्सक ज्युडा फोकमन यांनी १९७१ मध्ये मांडलं की गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घ्याव्या लागतात. मग त्या वाहिन्याच रोखल्या तर? सुरुवातीला अनेकांनी शंका घेतली, पण २००४ मध्ये या कल्पनेवर आधारलेलं औषध अमेरिकेत मंजूर झालं.

मग आपण काय लक्षात ठेवायचं?

मेंदू शरीराच्या वजनाच्या फक्त २ टक्के, पण ऑक्सिजन खातो सुमारे २० टक्के. हृदय थांबलं की काही सेकंदांत माणूस बेशुद्ध पडतो आणि काही मिनिटांत मेंदूच्या पेशी मरू लागतात.

पण एक दिलासा आहे. शांत बसलेल्या माणसाचं शरीर एका फेरीत रक्तातला साधारण पाव भाग ऑक्सिजनच वापरतं. म्हणजे एखादा माणूस अचानक कोसळला, तेव्हा त्याच्या रक्तात ऑक्सिजन शिल्लक असतो. थांबलेली असते ती वाहतूक. आणि ती तुम्ही हाताने चालू ठेवू शकता.

मोठा माणूस कोसळला, हाका मारून प्रतिसाद देत नाही आणि नीट श्वास घेत नाही, तर १०८ ला फोन करा किंवा करायला सांगा. त्याला कडक जमिनीवर उताणं झोपवा. छातीच्या मध्यभागी एका हातावर दुसरा हात ठेवून, कोपरं ताठ ठेवून, ५ ते ६ सेंटीमीटर खोल दाबा. मिनिटाला १०० ते १२० वेळा. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या, म्हणजे हृदयात पुन्हा रक्त भरेल. मदत येईपर्यंत थांबू नका. दमलात तर दुसऱ्याला बसवा.

आणि कुणाचा चेहरा अचानक एका बाजूला वाकडा झाला, एक हात उचलेना किंवा बोलणं अडखळू लागलं, तर 'जरा पडून राहा, बरं वाटेल' म्हणू नका. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. लगेच मोठ्या रुग्णालयात न्या.

चहा ढवळायला विसरलात तर फार तर शेवटचा घोट गोड लागेल. शरीरात मात्र ढवळणं थांबलं की हातात मिनिटंच असतात. छाती दाबायची पद्धत आज घरातल्या दोघांना तरी दाखवून ठेवा.